बॉलरूमच्या नियमांतली स्त्री आणि पुरुष

स्पर्धेतल्या बॉलरूम नृत्याची चौकट इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धानंतर घडली. त्याआधीच अर्जेंटिनाचा टँगो पॅरिसमार्गे लंडनला पोचला होता आणि अमेरिकेतून फॉक्सट्रॉट आला होता. १९२० साली ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये नृत्यमहोत्सव सुरू झाला. १९२४ मध्ये नृत्यशिक्षकांच्या ‘इम्पीरियल सोसायटी’ने बॉलरूमची वेगळी शाखा काढली आणि पावले, वळणे, अंगाची ठेवण लिहून काढली. परीक्षकांना गुण देण्यासाठी एकच माप हवे होते. मात्र ते माप इंग्रज मध्यमवर्गाच्या शालीनतेचे होते. ज्या वस्त्यांमध्ये ही नृत्ये जन्मली, तिथली मोकळीक त्यात बसली नाही.

या मापात पुरुष पुढाकार घेतो आणि स्त्री त्याच्या इशाऱ्यानुसार चालते. त्याचा उजवा हात तिच्या पाठीवर असतो. ती पाठ कमानदार करून, मान डावीकडे झुकवून, उंच टाचांवर बहुतेक वेळ उलट्या पावलांनी सरकते. स्पर्धकाचा क्रमांकही पुरुषाच्याच पाठीवर लावतात. हे नियम घडवणाऱ्यांत जोसेफीन ब्रॅडली यांच्यासारख्या कर्तबगार स्त्रिया होत्या, ही गोष्ट विसरता येत नाही. त्यांना शिक्षिका म्हणून मान मिळाला, तरी नृत्यातली स्त्रीची जागा बदलली नाही.

याच स्पर्धांतल्या ‘लॅटिन’ विभागाची कथा याहून बोचरी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनचे शिक्षक पिएर यांनी क्युबातला रुंबा शिकून आणला आणि इंग्रज अभ्यासक्रमात बसवला. या विभागातल्या पाच नृत्यांपैकी पासो दोब्ले स्पेन-फ्रान्सचे आणि जाइव्ह अमेरिकी कृष्णवर्णीयांचे. लॅटिन अमेरिकेशी या दोघांचा जन्माचा संबंध नाही. तरीही पाचही नृत्यांवर कामुकतेचा एकच शिक्का बसला. गोरे स्पर्धक अंगाला तपकिरी रंग फासून उतरू लागले. स्वतः स्पर्धक राहिलेल्या अभ्यासक जूलिएट मॅकमेन्स यांनी २००६ च्या पुस्तकात या प्रथेची तुलना गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासण्याच्या परंपरेशी केली. ही टीका रास्तच आहे: ज्यांचे नृत्य घेतले त्यांना बाजूला ठेवून त्यांच्या कातडीचा रंग तेवढा पोशाखासारखा वापरला गेला.

स्त्री-पुरुषाच्या चौकटीचा वादही मिटला नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये जोडी म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, असा नियम करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा समलिंगी जोड्यांनी त्याला कडाडून विरोध केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय नृत्य परिषदेने २०१९ मध्ये व्याख्या बदलली: जोडीत एक पुढाकार घेणारा, दुसरा साथ देणारा, लिंग कोणतेही असो. हुकूम एकाचा आणि पावले दुसऱ्याची, ही विभागणी मात्र नव्या व्याख्येतही तशीच राहिली आहे.