घराण्यातला धोका आणि अ‍ॅनरिल

"आमच्या घराण्यातच आहे." मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांतल्या आरोग्य शिबिरांत हे हमखास ऐकू येतं. वडील पंचेचाळिशीत हृदयविकाराने गेले, काका पन्नाशीत; आता गोळ्यांनी काय फरक पडणार? या हताशपणाला शास्त्राचा आधार आहे असं मानलं जातं. जनुक म्हणजे प्रथिनाची कृती, ती बिघडलेली मिळाली की संपलं. प्रथिन न बनवणारा उरलेला डीएनए निव्वळ भंगार. भंगार हा शब्द जनुकशास्त्रज्ञ सुसुमू ओहनो यांनी 1972 साली रूढ केला आणि तो डोक्यातून जाता जात नाही.

हृदयाच्या धमन्यांच्या आजारानेच ही समजूत खोटी पाडली. 2007 मध्ये दोन संशोधक गटांना नवव्या गुणसूत्रावरची 9पी21 ही जागा सापडली. धोका वाढवणारा हा आनुवंशिक फरक पुढे देशोदेशी, आपल्याकडेही, पडताळला गेला. त्या पट्ट्यात मात्र प्रथिनाची एकही कृती नाही. तिथून तयार होतो अ‍ॅनरिल नावाचा लांबलचक आरएनए. त्याचं वर्तुळाकार रूप धमनीच्या स्नायुपेशींत रायबोसोम या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेची घडण मंदावतं आणि पेशींची वाढ आवरतं, असं 2016 मध्ये दिसलं. म्हणजे वारशाने आलंय ते कमी-जास्त होणारं नियंत्रण. आणि जे कमी-जास्त होतं, ते औषधाने हलवण्याची आशा धरता येते.

"मग इंजेक्शन कुठाय?" हा आक्षेप रास्त आहे. कोलेस्टेरॉल कमी करणारं इन्क्लिसिरान हे इंजेक्शन भारतातही आलं आहे, सुरुवातीच्या मात्रांनंतर ते सहा महिन्यांनी एकदा टोचतात. पण ते स्वतः आरएनए असलं तरी त्याचा नेम आहे पीसीएसके9 या प्रथिनाच्या संदेशावर, तोही यकृतात. यकृतापर्यंत औषध पोचवणारी साखरेची जोडणी हाती आहे, धमनीच्या भिंतीसाठी तशी वाट अजून बांधायची आहे. शिवाय एक सूक्ष्म आरएनए अनेक संदेशांना आवर घालतो. एमआयआर-33 हा असाच एक सूक्ष्म आरएनए दाबल्यावर माकडांत एचडीएल हे 'चांगलं' कोलेस्टेरॉल वाढलं, पण उंदरांवरच्या एका दीर्घ प्रयोगात यकृतात चरबी साठली. घाई करणाऱ्यांनी हे विसरू नये.

तरीही "काही करता येत नाही" हे चूकच. 2011 मध्ये हृदयविकाराच्या झटक्यावरच्या इंटरहार्ट या आंतरराष्ट्रीय अभ्यासातल्या आठ हजारांहून अधिक लोकांची, त्यात दक्षिण आशियाईही होते, 9पी21 तपासणी झाली. ज्यांच्या आहारात कच्च्या भाज्या आणि फळं भरपूर होती, त्यांच्यात या वारशाचा जोर ओसरलेला दिसला.