संगणकजालातील समकक्ष वाहतुकीची ओळख

१९९९ साली ‘नॅपस्टर’ सुरू झाले तेव्हा पिअर-टू-पिअर, म्हणजे समकक्ष संगणकांमधील परस्पर देवाणघेवाण, ओळखणे कठीण नव्हते. गाणी सभासदांच्या संगणकांवर असली तरी त्यांची सूची मध्यवर्ती सर्व्हरवर असे. २००० सालच्या ‘नूटेला’ने ती सूचीच नाहीशी केली. तरीही प्रत्येक प्रणालीचा पोर्ट ठरलेला होता : नूटेलाचा ६३४६, ‘काझा’चा १२१४. दारावरच्या पाटीवरून घरमालक ओळखण्याचाच हा प्रकार. आणि पाटी बदलण्यास वेळ लागत नाही.

मग मजकूर तपासणे आले. बिटटोरेंटच्या संभाषणाचा आरंभ १९ हा अंक दर्शविणाऱ्या बाइटने व पाठोपाठ १९ चिन्हांच्या ठराविक नावाने होतो. अशा खुणा विश्वसनीय खऱ्या. परंतु त्यांसाठी दुसऱ्याचे पाकीट उघडावे लागते, आणि मजकूर सांकेतिक होऊ लागताच त्या दिसेनाशा झाल्या.

म्हणूनच २००४ मधील कारायानिस व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध विशेष महत्त्वाचा मानावा लागतो. त्यांनी मजकूर न पाहता केवळ वर्तन पाहिले. दोन यंत्रे परस्परांशी टीसीपी व यूडीपी या दोन्ही पद्धतींनी बोलत असतील, तर ती समकक्ष असण्याचा संभव मोठा. दुसरी कसोटी अधिक मार्मिक आहे. संकेतस्थळ पाहणारा संगणक एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतो, समकक्ष यंत्र बहुधा एकच. तेव्हा एखाद्या पोर्टाशी जोडलेली यंत्रे आणि त्यांनी वापरलेले पोर्ट यांची संख्या जवळजवळ सारखी भरली, तर संशयास जागा होते. तथापि जालावरील काही खेळही पहिल्या कसोटीत सापडतात. त्यांना वगळण्यासाठी निराळे नियम करावे लागले.

शिवाय प्रकार ओळखला म्हणून वाहतूक अवैध ठरत नाही. २००७ मध्ये अमेरिकेतील कॉमकास्ट कंपनी बिटटोरेंटच्या जोडण्या तोडते, याची शहानिशा असोसिएटेड प्रेसने केली ती बायबलची प्रत पाठवून!

मुंबई उच्च न्यायालयापुढे जुलै २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या अवैध प्रतींचा प्रश्न आला. तो संकेतस्थळे रोखण्याचा होता, वाहतूक ओळखण्याचा नव्हे. पेच मात्र तोच. सर्व मजकूर अवैध असल्याचे दाखविल्यावाचून सबंध संकेतस्थळे बंद करण्यास न्या. गौतम पटेल यांनी नकार दिला आणि पडताळलेल्या विशिष्ट दुव्यांपुरतीच मनाई केली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने जालसमानतेची तत्त्वे स्वीकारली. त्यांनुसार सेवादात्यास मजकूर पाहून वाहतूक अडविता वा मंद करता येत नाही. ‘वाजवी’ वाहतूक-व्यवस्थापन अपवाद म्हणून राहिले, आणि ओळखीच्या या तंत्रांचा प्रश्न त्या एका विशेषणापाशी येऊन थांबतो.