कर्जसाक्षरता

कर्जसाक्षरता म्हणजे कर्जाचा एकूण खर्च, परतफेडीच्या अटी आणि थकबाकीचे परिणाम कर्ज घेण्यापूर्वी समजून घेण्याची क्षमता होय. हा वित्तीय साक्षरतेचा एक भाग आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अज्ञान (१८ वर्षांखालील) व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते. सज्ञान होताच मात्र तिला स्वतःच्या नावावर कर्ज घेता येते. त्यामुळे हे शिक्षण शालेय वयातच मिळणे उपयुक्त ठरते.

किमान देय रक्कम

क्रेडिट कार्डाच्या देयकात संपूर्ण थकबाकीसोबत ‘किमान देय रक्कम’ही दिलेली असते. ती भरल्यास विलंबशुल्क टळते, व्याज टळत नाही. समजा, थकबाकी २०,००० रुपये, व्याज दरमहा ३ टक्के आणि किमान रक्कम व्याजासह थकबाकीच्या ५ टक्के आहे. नवी खरेदी न करता वर्षभर केवळ किमान रक्कम भरल्यास सुमारे ११,००० रुपये भरूनही थकबाकी सुमारे १५,४०० रुपये उरते. भरलेल्या रकमेपैकी सुमारे ६,४०० रुपये व्याजापोटी जातात. करांचा यात समावेश नाही.

पतगुणांक

पतमाहिती कंपन्या परतफेडीच्या नोंदींवरून ३०० ते ९०० या दरम्यान पतगुणांक देतात. भारतात तो ‘सिबिल स्कोअर’ या नावाने अधिक परिचित आहे. हप्ते थकल्यास गुणांक घसरतो आणि पुढील कर्ज नाकारले जाऊ शकते किंवा महाग पडते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यातील चुकीच्या नोंदीविरुद्ध तक्रार करता येते.

शैक्षणिक कर्ज

शिक्षण सुरू असताना शैक्षणिक कर्जाचे हप्ते सहसा सुरू होत नाहीत, परंतु व्याजाची आकारणी बहुधा चालूच राहते. पालक सहकर्जदार असल्यास थकबाकीची नोंद त्यांच्या पतअहवालातही होते.

भारतातील उपक्रम

भारतीय रिझर्व्ह बँक दरवर्षी वित्तीय साक्षरता सप्ताह पाळते. २०२१ च्या सप्ताहाचा विषय पतशिस्त व औपचारिक संस्थांकडून कर्ज हा होता, तर २०२४ चा सप्ताह विद्यार्थी व तरुणांसाठी होता. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र शाळा-महाविद्यालयांत कार्यक्रम घेते. डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार कर्जदाराला करारापूर्वी वार्षिक एकूण खर्चाचा दर दर्शवणारे मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक करण्यात आले.