नेत्रचलन आलेखन

डोळ्यांच्या हालचालींची यंत्राने नोंद घेऊन तिच्या विश्लेषणावरून तंत्रिका तंत्राच्या विकारांचे निदान करण्याचे तंत्र. वाचताना दृष्टी ओळीवरून सलग न सरकता उड्या घेत जाते, हे १८७९ च्या सुमारास पॅरिसमध्ये एमील झाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. या उड्यांचा वेग सेकंदाला शेकडो अंश असतो. कोठे पाहावयाचे हे माणूस ठरवितो. वेग मात्र मुख्यतः मस्तिष्क स्तंभातील तंत्रिका कोशिकांवर अवलंबून असतो व तो इच्छेने वाढविता येत नाही. निदानाच्या दृष्टीने या मोजमापाचे महत्त्व यातच आहे.

प्रारंभीची साधने क्लेशकारक होती. एडमंड ह्यूई यांनी १८९८ च्या सुमारास कोकेनने बधिर केलेल्या डोळ्यावर प्लॅस्टरची वाटी बसवून तिला दर्शक काडी जोडली. रेमंड डॉज व टॉमस क्लाइन यांनी १९०१ मध्ये स्वच्छमंडलावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे छायाचित्रण करून हा जाच संपविला. विद्युत् पद्धतीचे मूळ याहून जुने आहे. डोळा हा जणू एक लहानसा विद्युत् घटच असून त्याचे स्वच्छमंडल जालपटलाच्या मानाने धन असते. द्यू ब्वा-रेमाँ यांनी डोळ्यातील हे वर्चस् १८४९ मध्येच नोंदले होते. डोळा वळला, की त्याच्या कडांना लावलेल्या विद्युत् अग्रांमधील वर्चस् अंशागणिक सु. १५ ते २० मायक्रोव्होल्टने बदलते. पापण्यांची उघडझाप व स्नायूंचे संकेत त्यात मिसळत असल्याने ते गाळावे लागतात. डेव्हिड रॉबिन्सन यांच्या १९६३ मधील चुंबकीय क्षेत्र व वेटोळे यांच्या पद्धतीने याहून पुष्कळच अचूकता आली.

मंदावलेला वेग हे रोगलक्षण म्हणून प्रस्थापित होण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. नोशीर वाडिया व आर. के. स्वामी यांनी १९७१ मध्ये नऊ भारतीय कुटुंबांतील मेरुरज्जू व निमस्तिष्क (लहान मेंदू) यांच्या आनुवंशिक अपकर्षाचे वर्णन केले. तोल जाण्याबरोबरच या रुग्णांची नेत्रचलनेही विलक्षण मंद होती. हे लक्षण ज्या प्रकारात ठळकपणे आढळते, त्याचा (एससीए २ चा) जनुक १९९६ मध्ये सापडला. क्यूबातील ओल्गीन प्रांतात या प्रकाराचे रुग्ण फार मोठ्या संख्येने आहेत. तेथील आलेखनांत असे आढळले, की जनुकातील दोष जितका मोठा तितका वेग कमी असतो. इतकेच नव्हे, तर तोल जाऊ लागण्यापूर्वीच वाहक व्यक्तींत तो घटू लागतो. रोग थांबविणारे औषध अद्याप नसल्याने अशी आगाऊ सूचना रुग्णाला द्यावी की नाही, हा प्रश्न यंत्राच्या कक्षेबाहेरचा आहे. मात्र नव्या औषधाचा गुण अजमावण्यास हे मोजमाप उपयोगी पडेल. थकवा व गुंगीची औषधे यांनीही वेग घटतो. म्हणून एकाच आलेखावरून निष्कर्ष काढीत नाहीत.