रोज सकाळी शिंका येतात? ही सर्दी नव्हे, ॲलर्जी असू शकते

"डॉक्टर, सर्दी काही केल्या बरी होत नाही," अशी तक्रार घेऊन अनेक रुग्ण येतात. सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ शिंका, नाकातून पाणी, आणि दुपारपर्यंत सगळे ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असा त्रास बऱ्याचदा ॲलर्जीचा असतो.

फरक कसा ओळखावा?

साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा आठ-दहा दिवसांत बरी होते. तिच्यासोबत ताप, अंगदुखी असू शकते. ॲलर्जीत ताप येत नाही. नाक, डोळे, टाळू खाजतात आणि त्रास महिनोन्‌महिने चालतो. यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही.

कारण बहुधा अंथरुणातच

घरातील धुळीत डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे जीव असतात. आपल्या त्वचेच्या गळून पडलेल्या कणांवर ते जगतात. गादी, उशी, गोधडी आणि दमट हवा त्यांना मानवते. त्यांची विष्ठा श्वासातून नाकात गेली की काहींचे शरीर तिला शत्रू समजते आणि हिस्टामिन सोडते. त्यातूनच शिंका येतात व खाज सुटते.

घरी काय करावे?

- चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा. माइट मरण्यासाठी पाणी साधारण 60 अंश सेल्सियस लागते. धुताना हात भाजणार नाहीत याची काळजी घ्या.
- केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. साफसफाई करताना मास्क लावा. दिवाळीचा माळा शक्यतो दुसऱ्याला आवरू द्या.
- ओल आलेल्या भिंती दुरुस्त करून घ्या, खिडक्या उघडून हवा खेळती ठेवा.
- उदबत्ती, धूप आणि मच्छर कॉइलचा धूर टाळा.

औषधांबाबत

नाक मोकळे करणारे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. सवय लागली की थेंब थांबवताच नाक आणखी चोंदते, आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. सेटिरिझिनसारख्या गोळीने झोप येऊ शकते. ती घेऊन गाडी चालवू नका. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा नाकातील स्प्रे दिला असेल तर घाबरू नका. त्याची मात्रा कमी असते. मात्र तो रोज घ्यावा लागतो आणि पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागू शकतात. दोन दिवसांत बंद करून "उपयोग नाही" असे ठरवू नका.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

रात्री खोकला येत असेल, छातीत घरघर होत असेल किंवा जिना चढताना दम लागत असेल तर तपासून घ्या. नाकाची ॲलर्जी आणि दमा अनेकदा एकत्र आढळतात.

हे मात्र तातडीचे

एखादे औषध, अन्न किंवा मधमाशीच्या दंशानंतर ओठ-जीभ सुजली, श्वास अडखळला किंवा चक्कर आली तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि जवळचे रुग्णालय गाठा. रुग्णाला उभे करू नका, चालवू नका. आडवे झोपवून पाय उंच ठेवा. श्वास घेणे कठीण होत असेल तर बसू द्या. अशा वेळी ॲड्रेनालिनचे इंजेक्शन जीव वाचवते आणि ते जितक्या लवकर मिळेल तितके चांगले.

ज्या औषधाची ॲलर्जी आहे त्याचे नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा, आणि घरच्यांनाही सांगून ठेवा.