ऑस्ट्रेलियन टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धा

ऑस्ट्रेलियातील टूरिंग मोटारगाड्यांच्या शर्यतींची राष्ट्रीय स्पर्धा. कुटुंबाच्या नित्य वापरासाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या, बंदिस्त टपाच्या व किमान चार आसनांच्या मोटारगाडीस ‘टूरिंग कार’ असे म्हणतात. केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या, उघड्या चाकांच्या एकासनी गाड्यांहून तिचा वर्ग निराळा मानतात. प्रेक्षक ज्या गाडीतून शर्यत पाहावयास येतो, तीच गाडी धावमार्गावर धावताना त्यास दिसावी, हे या प्रकाराचे मूळ आकर्षण होय. मात्र वेग वाढविण्यासाठी गाडीत कितपत फेरफार करू द्यावेत, हा प्रश्न पहिल्यापासूनच उपस्थित झाला. या स्पर्धेचा इतिहास हा बव्हंशी त्या प्रश्नाच्या बदलत गेलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

प्रारंभ : दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात मोटार-उद्योगाची झपाट्याने वाढ झाली. जनरल मोटर्सच्या होल्डन या स्थानिक कंपनीने १९४८ मध्ये आपली पहिली गाडी बाजारात आणली. १९६० मध्ये फोर्ड कंपनीने फाल्कन या गाडीचे उत्पादन तेथे सुरू केले. त्याच वर्षी कॉन्फेडरेशन ऑफ ऑस्ट्रेलियन मोटर स्पोर्ट या नियामक संस्थेच्या मान्यतेने पहिली अजिंक्यपद स्पर्धा न्यू साउथ वेल्समधील ऑरेंज शहराजवळील न्यू ब्लास या धावमार्गावर झाली. मोटारविषयक पत्रकार डेव्हिड मकाय याने जॅग्वार गाडीतून ती जिंकली. १९६८ पर्यंत अजिंक्यपदाचा निर्णय दरवर्षी एकाच शर्यतीने होई आणि ती शर्यत आळीपाळीने निरनिराळ्या राज्यांत घेतली जाई. १९६९ पासून पाच फेऱ्यांची मालिका सुरू झाली व गुणांच्या बेरजेवर विजेता ठरू लागला.

आरंभीच्या काळात परदेशी बनावटीच्या गाड्यांचे वर्चस्व होते. पहिली चार अजिंक्यपदे जॅग्वार गाड्यांनी मिळविली. त्यांपैकी १९६२ व १९६३ ची बॉब जेन याच्या नावावर आहेत. इयन गेगन याने १९६४ मध्ये फोर्ड कॉर्टिना व १९६६ ते १९६९ या काळात फोर्ड मस्टँग या गाड्यांतून एकूण पाच अजिंक्यपदे पटकाविली. ऑस्ट्रेलियन बनावटीच्या गाडीस पहिले यश १९७० मध्ये मिळाले. त्या वर्षी नॉर्म बीची हा होल्डन मोनारो गाडीतून विजयी झाला.

बॅथर्स्टची शर्यत : या स्पर्धेचा विचार बॅथर्स्ट येथील दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीवाचून पूर्ण होत नाही. १९६० मध्ये व्हिक्टोरियातील फिलिप बेटावर सुरू झालेली ही ५०० मैलांची शर्यत १९६३ मध्ये बॅथर्स्टच्या माउंट पॅनोरमा धावमार्गावर आली. हा सु. ६·२ किमी. लांबीचा मार्ग डोंगरावरून जातो आणि त्याच्या सर्वांत उंच व सर्वांत सखल बिंदूंत सु. १७४ मी. अंतर आहे. एरवी तो सार्वजनिक रस्ता असतो. १९७३ मध्ये शर्यतीचे अंतर १,००० किमी. करण्यात आले. ही शर्यत दीर्घकाळ अजिंक्यपद मालिकेबाहेर होती. १९९९ पासून तिचे गुण मालिकेत धरले जाऊ लागले. तथापि सर्वसामान्यांच्या दृष्टीने तिची प्रतिष्ठा आधीपासूनच अजिंक्यपदाहून काकणभर अधिक होती. होल्डन गाड्यांचा चालक पीटर ब्रॉक याने ती नऊ वेळा जिंकली. २००६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका रॅलीत त्याला अपघाती मृत्यू आला. त्या वर्षापासून बॅथर्स्टच्या विजेत्यास दिल्या जाणाऱ्या चषकास त्याचे नाव देण्यात आले.

१९७२ चा वाद : बॅथर्स्टच्या शर्यतीत त्या काळी जवळजवळ फेरफार न केलेल्या गाड्याच चालत. साहजिकच शर्यत जिंकण्यासाठी तितकीच वेगवान गाडी कंपनीला ग्राहकांनाही विकावी लागे. फोर्डच्या फाल्कन जीटी-एचओ या गाडीचा १९७१ चा नमुना ताशी २२० किमी. हून अधिक वेग घेऊ शके. जून १९७२ मध्ये सिडनीच्या सन-हेरल्ड या वृत्तपत्राने ताशी १६० मैल वेगाच्या गाड्या लवकरच रस्त्यावर येणार असल्याचे वृत्त ठळकपणे छापले. न्यू साउथ वेल्सचे वाहतूकमंत्री मिल्टन मॉरिस यांनी अशा गाड्यांना कडाडून विरोध केला. शासकीय खरेदीवर परिणाम होण्याची भीती निर्माण झाल्याने फोर्ड, होल्डन व क्रायस्लर या तिन्ही कंपन्यांनी आपल्या नियोजित वेगवान गाड्या काही दिवसांतच मागे घेतल्या. १९७३ पासून ‘ग्रुप सी’ ही नियमावली अजिंक्यपद मालिका व बॅथर्स्ट या दोहोंस लागू झाली. तिच्यानुसार शर्यतीच्या गाडीत मर्यादित सुधारणा करता येत असल्याने तशीच गाडी लोकांना विकण्याची निकड उरली नाही. रस्त्यावरची गाडी व शर्यतीची गाडी यांच्यात अंतर पडण्यास येथून सुरुवात झाली.

ग्रुप सी व ग्रुप ए : १९७३ ते १९८४ हा काळ फोर्ड व होल्डन यांच्यातील तीव्र चुरशीचा होता. फोर्डच्या पक्षात कॅनडात जन्मलेला ॲलन मोफॅट व होल्डनच्या पक्षात ब्रॉक हे प्रमुख प्रतिस्पर्धी होते. या चुरशीत लोक कितपत गुंतले होते, याचे उदाहरण १९८० मध्ये दिसले. बॅथर्स्ट येथे आघाडीवर असलेल्या डिक जॉन्सन याची फाल्कन धावमार्गावर आलेल्या मोठ्या दगडावर आदळून निकामी झाली. स्वतःची सारी पुंजी गाडीत घातलेल्या जॉन्सनसाठी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी उत्स्फूर्तपणे देणग्या दिल्या आणि फोर्ड कंपनीने तितकीच भर घातली. पुढील वर्षी त्याने अजिंक्यपद व बॅथर्स्ट ही दोन्ही जिंकली. एकंदर पाच अजिंक्यपदे त्याच्या नावावर आहेत.

१९८५ मध्ये ‘ग्रुप ए’ ही आंतरराष्ट्रीय नियमावली स्वीकारण्यात आली. तीनुसार गाडीच्या मूळ नमुन्याचे बारा महिन्यांत ५,००० नग तयार होणे आवश्यक होते. सुधारित आवृत्तीस ५०० नग पुरेसे होत. यामुळे बीएमडब्ल्यू, व्होल्व्हो, फोर्ड सिएरा व निस्सान स्कायलाइन या परदेशी गाड्यांना वाट मोकळी झाली. १९८७ मध्ये बॅथर्स्टची शर्यत जागतिक टूरिंग कार अजिंक्यपदाची एक फेरी ठरली. या निमित्ताने तेथील लांब सरळ उतारावर सुरक्षिततेसाठी नवे वळण बांधण्यात आले. १९९० ते १९९२ ही तीनही अजिंक्यपदे निस्सानच्या चालकांनी मिळविली. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या व दोन टर्बोभारक असलेल्या स्कायलाइन जीटी-आर पुढे स्थानिक गाड्या निष्प्रभ ठरल्या. १९९२ ची बॅथर्स्ट शर्यत मुसळधार पावसामुळे थांबविण्यात आली. आघाडीवरील निस्सान घसरून आदळली होती, तरी नियमानुसार आधीच्या फेऱ्याची स्थिती ग्राह्य धरून तिचे चालक जिम रिचर्ड्स व मार्क स्केफ यांस विजयी घोषित केले गेले, तेव्हा जमावाने त्यांची हुर्यो उडविली. याच शर्यतीत १९६७ चा जगज्जेता डेनी हुल्म याचे गाडी चालवीत असता हृदयविकाराने निधन झाले होते.

व्ही-८ युग : ग्रुप ए बंद करण्याचा निर्णय त्यापूर्वीच झाला होता. १९९३ पासून मुख्यत्वे फोर्ड फाल्कन व होल्डन कमोडोर या दोन गाड्या, दोहोंत पाच लिटरचे आठ सिलिंडरांचे ‘व्ही’ आकाराचे एंजिन, अशी योजना आली. १९९७ मध्ये या वर्गास ‘व्ही-८ सुपरकार’ हे नाव मिळाले. २००३ पासून दोन्ही गाड्यांचे अनेक भाग समान करण्यात आले. २०१३ पासून सर्वांस एकाच आराखड्याचा सांगाडा सक्तीचा झाला. त्याच काळात निस्सान, मर्सिडीज व व्होल्व्हो यांच्या गाड्याही काही वर्षे धावल्या. मालिकेच्या फेऱ्या न्यूझीलंड, चीन, बहरीन, अबू धाबी व अमेरिका येथेही झाल्या. या काळातील जेमी व्हिंकप याने २००८ ते २०१७ या अवधीत सात अजिंक्यपदे जिंकून उच्चांक प्रस्थापित केला.

मूळ उद्योगाचा अस्त : ज्या गाड्यांच्या स्पर्धेवर ही मालिका उभी होती, त्यांचे उत्पादन मात्र आयात गाड्यांची स्पर्धा व वाढता खर्च यांमुळे थांबले. फोर्डने ऑक्टोबर २०१६ मध्ये व होल्डनने ऑक्टोबर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील आपले कारखाने बंद केले. २०१८ मध्ये शर्यतीत उतरलेल्या नव्या कमोडोरची विक्रीसाठीची आवृत्ती जर्मनीत तयार होई आणि तीत आठ सिलिंडरांचे एंजिन नव्हतेच. होल्डन हे नाव बंद करण्याची घोषणा जनरल मोटर्सने फेब्रुवारी २०२० मध्ये केली, तरी कमोडोर २०२२ अखेरपर्यंत धावत राहिली आणि त्या वर्षीची बॅथर्स्ट शर्यतही तिनेच जिंकली. २०२३ पासून मस्टँग व शेव्हरोले कॅमारो या अमेरिकन गाड्यांची रूपे धारण करणाऱ्या, परंतु खास शर्यतीसाठीच बांधलेल्या गाड्या आल्या. कॅमारोचे उत्पादनही त्याच वर्षाअखेर थांबले.

अशा रीतीने कारखान्यातून निघालेली गाडी जशीच्या तशी धावमार्गावर आणण्याच्या कल्पनेतून निघालेली ही स्पर्धा, केवळ बाह्यरूपाने रस्त्यावरील गाडीशी नाते सांगणाऱ्या वाहनांपर्यंत येऊन पोहोचली. समान सांगाड्यांमुळे शर्यती चुरशीच्या राहिल्या व चालकाच्या कौशल्यास अधिक वाव मिळाला. परंतु प्रेक्षकाची स्वतःची गाडी व विजेत्याची गाडी यांना जोडणारा धागा क्षीण झाला. मालिकेची नावे वेळोवेळी बदलली, तरी तिच्या विजेत्यास ऑस्ट्रेलियन टूरिंग कार अजिंक्यवीर हा किताब देण्याची १९६० पासूनची परंपरा मात्र टिकून राहिली आहे.