तळटीप : बाळहिरडा

बाळहिरडा : हिरड्याचे कोवळे, वाळल्यावर काळे पडणारे औषधी फळ. भीमाशंकर परिसरात जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळी कुटुंबांची भातशेती पावसाळ्यापुरतीच. उन्हाळ्यात हाती रोख पैसा येतो तो प्रामुख्याने हिरड्यामुळे. व्यापाऱ्यांची पिळवणूक थांबावी म्हणून आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठीच्या १९७६ च्या कायद्यानंतर आदिवासी विकास महामंडळामार्फत (स्थापना १९७२) एकाधिकार खरेदी सुरू झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकीही मान्य केली. तरीही ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे मोठे नुकसान झाले, तेव्हा भरपाईसाठी आंदोलन करावे लागले. हक्काला रास्त भाव आणि आपत्तीत संरक्षण यांची जोड मिळाल्याखेरीज या कुटुंबांचे हंगामी स्थलांतर थांबणार नाही. — संपा.